भोकवाले डॉक्टर

अमरावतीत त्यांचं नाव घेऊन पत्ता विचारला तर ऑटोवाला तुम्हाला दोन चौक उगाच फिरवून आणायचा. ‘भोकवाले डॉक्टर’ म्हटलं की थेट दवाखान्याच्या पायरीशी उतरवायचा. हे नाव पेशंटांनी दिलेलं. खांद्याचा स्नायू ज्या दोरानं हाडाला धरून असतो तो दोर तुटला, तर पूर्वी खांदा चांगला वीतभर उघडावा लागे. हे तसं करत नसत. नखाएवढी तीन-चार भोकं पाडायची, एकातून दुर्बीण आत सोडायची, बाकीच्यांतून हत्यारं घालायची, आणि भिंतीवरच्या पडद्याकडं बघत आतल्या आत शिवण घालायची. त्यांच्या पत्नीला हे नाव अजिबात आवडत नसे. त्यांना स्वतःला आवडायचं. “लोक नाव ठेवतेच,” ते म्हणत, “निदान कामावरून तं ठेवलं.”

मी त्यांच्याकडं चार वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. मी अकोल्याची, वडील टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, शिक्षण मात्र पुण्यात झालेलं. मुलाखतीला बसले तेव्हा त्यांनी माझ्या सर्टिफिकेटांकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

“पेशंटनं सांगतलेलं ऐकलं नाई तं काय करते?”

“समजावून सांगते.”

“तरी ऐकलं नाई तं?”

“परत समजावून सांगते.”

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “ये उद्यापासून.” आणि त्या दिवसापासून मी अकोल्याची असूनही त्यांच्या तोंडी ‘पुणेकरीण’ झाले. कुठल्याही प्रश्नावर छापील कागद द्यायचा आणि नीट समजावून सांगायचं, हा माझा धर्म होता. ते त्याची टवाळी करत, पण कागद छापायला कधी नाही म्हणाले नाहीत.

माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, डोक्यावर उरलेले केस तेल लावून बसवलेले. साठी उलटली होती. मूळचे भातकुलीकडचे. ऑपरेशन थिएटरमध्ये ते गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट घालून जात. या ऑपरेशनमध्ये खांद्याच्या सांध्यातून सारखं मिठाचं पाणी सोडावं लागतं, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. पिशव्यांवर पिशव्या संपतात आणि अर्धं पाणी जमिनीवर येतं. बाकीचे डॉक्टर त्यासाठी काय काय महागडं वापरतात. आमच्या साहेबांनी गावी शेतात ओलीत करताना घालायचे तेच बूट आणले होते. नवी नर्स आली की त्या बुटांकडं बघून हसायची, आणि पहिल्या ऑपरेशनला तिची चप्पल भिजली की हसायची थांबायची.

ओपीडीत त्यांची खुर्ची खिडकीला लागून होती. खाली ऑटोतून उतरणारा माणूस कोणत्या हातानं दांडी धरतो, पिशवी कोणत्या हातात आहे, हे ते वरून बघत. पेशंट दार ढकलून आत येईपर्यंत त्यांचं अर्धं निदान झालेलं असे. एकदा एक नामांकित वकील जाडजूड फाईल घेऊन आले आणि उभ्याउभ्याच कहाणी सांगायला लागले.

“कोट काढा,” साहेब म्हणाले.

“आधी ऐकून तर घ्या.”

“तुमच्यापेक्षा कोट खरं सांगन.”

वकिलांनी नाराजीनं कोट काढला. आधी डावी बाही सोडवली आणि मग उजवी बाही डाव्या हातानं ओढून काढली. “झालं,” साहेब म्हणाले. “उजवा खांदा. त्या कुशीवर झोपणं होत नाई, फळीवरचा डबा निघत नाई. आता बसा अन् बोला काय बोलाचं ते.” वकिलांनी फाईल न उघडताच टेबलावर ठेवली. बायकांना ते अंबाडा घालून दाखवायला लावत. मोझरीकडचे एक भजनी बुवा खांदा घेऊन आले, तर त्यांना खंजेरी आणायला लावली, वर धरून वाजवायला सांगितली, आणि पूर्ण भजन ऐकल्याशिवाय पुढचा पेशंट घेतला नाही. बाहेर रांग खोळंबली होती. आम्ही चिडलो होतो. साहेब टाळ्या वाजवत होते.

ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी नातेवाईकांना बसवून दुर्बिणीनं काढलेली फिल्म दाखवायची, हा त्यांचा आणखी एक हट्ट. घरच्यांना ती बघायची नसे. पण सुटका नव्हती. “आतमधी काय केलं ते पाह्याचं नाई काय? उद्या म्हणाल डॉक्टरनं नुसतं भोक पाडून सोडलं.” पडद्यावर पाण्यात तरंगणारा पांढरा, विस्कटलेला दोर दिसायचा. तो अगदी कापसासारखा दिसतो, आणि वऱ्हाडात कापूस ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. एका म्हाताऱ्या सासऱ्यानं तो बघून गंभीरपणे विचारलं होतं, “बोंडअळीनं खाल्ला काय?” साहेबांना हा प्रश्न इतका आवडला की पुढं महिनाभर ते प्रत्येक तुटलेल्या दोराला बोंडअळीच म्हणत होते. हाडात बारीक खिळे बसवायचे, त्या खिळ्यांच्या दोऱ्यांनी हा कापूस ओढून हाडाला गाठी मारून बसवायचा, एवढंच आपलं काम, असं ते सांगत. “मी शिवतो. जुळवत नाई. जुळणं त्या हाडाच्या मर्जीवर हाय, अन् त्याले दीड महिना लागते.”

गाठीचं त्यांना वेड होतं. ही गाठ शरीराच्या बाहेर मारून एका बारीक नळीतून सळईनं आत सरकवायची असते. ती आत जाऊन बसली की नाही हे पडद्यावर धड दिसत नाही, ताणलेल्या दोऱ्यावरून बोटाला कळतं. त्यासाठी ते बारा महिने सराव करत. ओपीडीत बोलता बोलता खुर्चीच्या हाताला नाडीची गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. पडद्यांच्या दोऱ्या, फाईलींचे बंद, नर्सच्या ॲप्रनचा पट्टा, काही सुटायचं नाही. थिएटरच्या मागच्या खिडकीला त्यांनी ऑपरेशनच्या एका दोऱ्यावर पिशवीत घालून अख्खी वीट टांगून ठेवली होती. मी नोकरीला लागायच्या आधीपासून ती तिथं होती. नवा डॉक्टर शिकायला आला की त्याला आधी ती वीट दाखवत. “एकच गाठ हाय. पावसाळे किती पाह्यले तिनं, मोजा.” बायकोच्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं त्यांना चालायचं, त्यांच्या गाडी चालवण्याला तर सगळेच ठेवत. गाठीला कोणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

आता फेट्याबद्दल सांगते.

एवढं बारीक काम करणारा हा माणूस ऑपरेशननंतर पेशंटच्या खांद्याला असली पट्टी गुंडाळायचा की बघणाऱ्याला वाटावं हातच कापला. कापूस, त्यावर पट्टी, परत कापूस, परत पट्टी, छातीला वेढा घालून पाठीमागून वर. दवाखान्यात सगळे तिला ‘साहेबांचा फेटा’ म्हणत. आत हात झोळीत असायचाच, तेवढं पुरतं. वरच्या फेट्याला वैद्यकीय अर्थ काही नव्हता. नागपूरच्या एका बैठकीत तर मोठमोठ्या सर्जनांनी यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली होती. मी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, हे कशासाठी.

“सासूसाठी,” ते म्हणाले.

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी ते भोकांवर तीन चिकटपट्ट्या लावून घरी पाठवत. एका सुनेला असंच पाठवलं. सासूनं पदर बाजूला करून तीन टिकल्या पाहिल्या आणि म्हणाली, एवढंसं तर झालं, आणि आठव्या दिवशी तिला पाणी भरायला लावलं. शिवण उसवली. “आपल्या इकडं भोकाले कोणी मानत नाई, पोरी. आमच्या लोकायले टाके पायजे, पट्टी पायजे. माणूस मोडला हे दिसलं पायजे. मंग सासू सोताहून म्हणते, पडून राह्य.”

मी म्हणाले, हे ढोंग आहे. घरच्यांना बसवून समजावून सांगितलं की झालं.

“ढोंगच हाय,” ते अगदी सहज म्हणाले. “पण मी तोंडानं कधी खोटं बोललो काय? पट्टी बोलते. तिले बोलू दे.”

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. ते लक्षात ठेवलं असतं तर पुढची दोन वर्षं मला बरी गेली असती.

वलगावच्या मावशी आल्या त्या एप्रिलच्या शेवटी. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सडपातळ, हाताचे दंड मात्र पुरुषासारखे. त्या लग्नाकार्यात मांडे करायच्या. ज्यांनी मांडे होताना पाहिले नसतील त्यांना सांगते, हे लाटण्याचं काम नाही. सैल भिजवलेली कणीक हातावर घ्यायची, दोन्ही हात खांद्याच्या वर नाचवत ती या हातावरून त्या हातावर झुलवायची, कोपरापर्यंत पोचून पातळ होत आली की चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद पसरायची. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा मांडा कोणाला जमत नसे. लग्नाची तारीख धरताना लोक आधी मावशी रिकाम्या आहेत का विचारायचे. पाण्याचा ड्रम ओढताना उजव्या खांद्यात कट्‌कन वाजलं आणि हात वर जायचा बंद झाला.

माझ्या ॲप्रनवरचं आडनाव वाचून त्या म्हणाल्या, “जय भीम, मॅडम.” मी जय भीम म्हटलं, आणि तिथून मी त्यांची पोरगी झाले. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो त्या मलाच पुन्हा पुन्हा विचारायच्या. “मांडे होतीन ना व पोरी? घरचं काम गेलं तं गेलं. मांडे नाई झाले तं मी कोण?”

नवरा वलगाव-अमरावती ऑटो चालवायचा. तो ऑपरेशनला मोठ्या मुश्किलीनं तयार झाला होता. “एक डाव करतो,” त्यानं साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. “मंग पुन्हा इचाराचं नाई. तिनं सोताच्या हातानं काई करून ठेवलं तं मी दवाखान्याची पायरी चढत नाई.”

ऑपरेशन झालं. फेटा बांधला. आठवड्याला फेटा सोडून नवा बांधायचं काम माझं होतं. मे महिना लागला होता आणि अमरावतीचा मे कसा असतो ते सांगायला नको. दुसऱ्या आठवड्यात फेटा सोडला तर आत सगळी कातडी लाल, घामोळं फुटून पिकायला आलेलं. मावशींना रात्रंदिवस खाज सुटली होती. साहेब त्या दिवशी कुठंतरी बैठकीला गेले होते. मी ठरवलं, आता पुरे. कातडी स्वच्छ केली, तीन भोकांवर तीन चिकटपट्ट्या लावल्या, हात झोळीत बसवला आणि मावशींना समोर बसवून अर्धा तास समजावून सांगितलं. छापील कागद दिला. हात झोळीतून काढायचा नाही. काही उचलायचं नाही. काहीही झालं तरी. मावशी माना डोलावत होत्या. नवऱ्यालाही सांगितलं. साहेब आल्यावर त्यांना सांगितलं तेव्हा ते “कातडी पिकत होती तं काढाच लागत होता,” एवढंच म्हणाले. ते मला शाबासकीसारखं वाटलं.

सहाव्या आठवड्यात मावशी आल्या आणि मी त्यांचा हात उचलून पाहिला. जो हात माझ्या आधारानं वर जाऊ लागला होता तो अर्ध्यातच दुखत होता, जोर तर काहीच नव्हता. मी दार लावून घेतलं.

“काय केलं, मावशी?”

“नणंदेच्या पोरीचं लगन होतं. बाया म्हणे, तीन टिकल्याच तं लावल्या, त्याचा केवढा बाऊ. मांडे कराले आणलेल्या बाईनं सगळे जाडेभरडे केले व. एकच टाकला पोरी. दाखवासाठी. एकच.”

मी तशीच साहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. फेटा मी काढला, म्हणून बायकांना तीन टिकल्या दिसल्या, म्हणून हे झालं, असंही सांगितलं. तपासणीच्या फोटोत दोर पुन्हा सुटल्याचं दिसलंच. साहेबांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरून ठेवला. मग उठून बाहेर गेले. बाहेर मावशी, त्यांचा नवरा, दीर बसले होते. साहेब सगळ्यांसमोर स्वच्छ आवाजात म्हणाले, “दोर सुटला. माझी गाठ सुटली. पुन्हा ऑपरेशन करा लागन, त्याचं मी पाहतो.”

मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. आत न पाहता गाठ सुटली हे कोणाला कळणार आहे? म्हणजे ते माझ्यासाठी खोटं बोलले. मावशींसाठी बोलले. ज्या माणसाला गाठीवरून कोणी बोललेलं खपत नसे त्यानं आमच्या दोघींच्या चुकीवर आपली गाठ पांघरली. नवऱ्यानं साहेबांना जे ऐकवायचं ते ऐकवलं, ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या ऑपरेशनला तो तयार झाला. मावशी माझ्याकडं बघत होत्या. त्याही तेच समजल्या होत्या.

दुसरं ऑपरेशन साहेबांनी स्वतः केलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकून अकोल्यात बसलेल्या डॉक्टरला त्यांनी बोलावून घेतलं, आणि स्वतः गमबूट घालून बाजूला कॅमेरा धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे फिल्म दाखवायला बसले. शरमेपायी मी त्या खोलीकडं फिरकलेसुद्धा नाही. आणि त्या महिन्यापासून त्यांनी ऑपरेशन करणं बंद केलं. ओपीडीत बसायचे, तपासायचे, आणि शिवायचं असेल त्याला अकोल्याला पाठवायचे. दवाखान्यात सगळे म्हणायला लागले की साहेबांच्या मनाला लागलं. दुसऱ्याची चूक पोटात घातली आणि बोलणी खाल्ली, देवमाणूस. फेट्याची आणि मांड्याची गोष्ट माझ्यामुळंच नर्सांना कळली होती, त्यामुळं हा देव घडवण्यात माझा वाटा मोठा होता. जो तो आता त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचा. त्यांचा स्वभाव त्या काळात भयंकर चिडका झाला. कोणी वाकून नमस्कार केला की खेकसायचे.

मावशींना मी या वेळी माझ्या हातानं फेटा बांधला. रोज सोडून कातडी कोरडी करायची आणि परत बांधायचा. त्यासाठी मी दीड महिना वलगावला जात होते. फेटा सुटल्यावर हात आठवड्याला दोन बोटं वर जायचा. कधी तीन, कधी काहीच नाही. दिवाळीत तो खांद्याएवढा आला. वेणी घालायला लागल्या तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं. मांड्याचं मात्र त्या बोलत नव्हत्या आणि मीही विचारत नव्हते.

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली तेव्हा, फेब्रुवारीत, मावशींच्या पुतण्याचं लग्न निघालं. साहेबांना आणि मला आग्रहाचं निमंत्रण होतं. साहेब यायला तयार नव्हते, मीच त्यांना ओढून नेलं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि आम्हाला मांडवाच्या मागं नेऊन दोन खुर्च्यांवर बसवलं, हातात ताटं दिली. समोरच चूल. मडक्यापाशी मावशी.

त्यांनी कणकेचा गोळा उचलला. उजवा हात खांद्याच्या वर गेला, थोडा थांबत, पण गेला. कणीक या हातावरून त्या हातावर झुलली आणि मडक्यावर पसरली. भोवतीच्या बायका ओरडल्या. मावशींनी आमच्याकडं पाहिलंही नाही, लगेच दुसरा गोळा घेतला. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

“साहेब, त्या दिवशी आम्हा दोघींसाठी तुम्ही चूक अंगावर घेतली. मी कधी बोलले नाही.”

त्यांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

“कोणी घेतली? माझीच होती ते.”

मी हसले. ते हसले नाहीत.

“पोरी, पहिल्या ऑपरेशनच्या आधी सहा महिन्यांपासून माझे हे बोटं सुन्न होते. साखरेची बिमारी. दोन गाठी बरोबर बसल्या. तिसरी सरकवली, दोरा ताणला, अन् बोटाले काईच समजलं नाई. सोडून नवी माराची. पण पडद्यावर बरी दिसत होती, मी म्हटलं बसली असन. म्हणून तं तपासणीचा फोटो पाह्यल्याबरोबर सांगतलं, का गाठ सुटली. दुसऱ्या ऑपरेशनच्या फिल्ममधी साफ दिसते, तिसरा दोरा मोकळा, अन् तिथूनच पुढं उसवलं. तिच्या नवऱ्याले दाखवलं. तो म्हणे कापूस दिसते. तू तं पाह्यालेच नाई आली.”

“पण मांडा? आणि मी फेटा काढला ते?”

“तिनं हात काढाले नाई पायजे होता, अन् तू समजावून सांगतलं म्हणजे झालं असं समजाले नाई पायजे होतं. ते वेगळं. गाठ बसली असती तं एक मांडा पेलला असता तिनं.” त्यांचा आवाज चढला होता. “चूक केली म्हणून मी हत्यार खाली ठेवलं. अन् तुमी सगळ्यायनं मले संत करून ठेवला. दोन वर्षांपासून खरं सांगून राह्यलो, तं लोक पाया पडते.”

तेवढ्यात मावशी हातात गरम मांडा घेऊन आल्या. “घ्या साहेब. या हाताचा हाय.”

“बाई, थांबा,” साहेब म्हणाले. “ऐकून घ्या. तुमच्या मांड्यानं काई झालं नव्हतं. गाठ माझी सुटली होती.”

मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “पाह्य व पोरी. अजूनही सोतावरच घेऊन राह्यले. केवढं मोठं मन हाय.”

साहेब ताट खुर्चीवर ठेवून उठले आणि चालायला लागले.

मला खरं तर गप्प बसायचं होतं. मावशी सुखात होत्या, हात वर जात होता, आणि माझ्यासाठी कोणीतरी एवढं केलं हे दोन वर्षं मनाशी धरून बसायची मला सवय झाली होती. ते हातचं सोडायला जिवावर आलं. पण पाठमोरे चालणारे साहेब बघवेनात.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “मोठं मन नाही. गाठ खरंच त्यांचीच सुटली. त्यांची बोटं बधिर झाली होती, ते त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी तुमचं ऑपरेशन केलं.”

मावशींचा चेहरा हळूहळू बदलला. साहेब जागीच थांबले होते.

“बोटाले समजत नव्हतं?” मावशी म्हणाल्या. “मंग माह्या खांद्याले हात कावून लावला तुमी? दोन वर्सं मी सोताले शिव्या देल्या. नवऱ्यापासून तोंड लपवलं. एका मांड्यापायी आपण आपला हात गमावला म्हणून रडत होती मी. कावून लावला हात?”

“चुकलो,” साहेब म्हणाले.

“चुकलो म्हणते! दोनदा फाडली मले!”

बायका गोळा झाल्या. मावशींचा आवाज मांडवापर्यंत जात होता. साहेब परत आले, ताट उचलून मांडीवर घेतलं आणि त्या खुर्चीवर बसले. मावशी बोलत राहिल्या, अगदी मनात साठलेलं सगळं बोलल्या, आणि ते मान हलवून ऐकत राहिले. चार वर्षांत इतके निवांत बसलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.